स्वस्त जमिनीचा शोध : एक अभ्यास

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. आबा चौथीपर्यंत शिकले, आईने शाळेचे तोंडही पाहिले नाही. त्यामुळे घरात कोणताही कागद आला, मग तो विजेच्या बिलाचा असो वा सोसायटीच्या नोटिशीचा, तो फिरून माझ्याच हातात येतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत असे पुष्कळ कागद माझ्या हातात आले. ते सगळे जमिनीचे होते.

आबांनी सत्तावीस वर्षे नवी मुंबईच्या बाजारात माथाडी कामगार म्हणून पोती वाहिली. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा ते फंडाचे पैसे घेऊन माण तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले. सगळे मिळून नऊ लाख रुपये. त्यातून दोन एकर रान घ्यायचे, एवढीच त्यांची इच्छा. आजोबांनी १९७३ साली, दुष्काळाच्या ऐन भरात, तीन एकर विकली होती. आबांना त्या वेळचे खडी फोडण्याचे काम आणि रेशनची मिलो आठवते. विकलेले रान मात्र ते रोज पाहतात, कारण आमच्या वस्तीची वाट त्याच्याच बांधावरून जाते.

मी कायद्याची विद्यार्थिनी नाही. अर्थशास्त्र हा माझा विषय. परंतु दोन महिने आबांबरोबर रानोमाळ आणि कचेऱ्या-कचेऱ्यांतून हिंडताना जे शिकले, ते माझ्या मित्रमैत्रिणींच्या उपयोगी पडेल असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच. आपल्या महाविद्यालयातले बहुसंख्य विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरातून आलेले आहेत. तरीही घरचा सातबारा आपल्यापैकी किती जणांनी संपूर्ण वाचला असेल, याची मला शंका आहे. मीही सुट्टीपूर्वी वाचला नव्हता.

रिकार्डो आणि आमचा एजंट

द्वितीय वर्षाला आम्हाला डेव्हिड रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत आहे. रिकार्डोचा ग्रंथ १८१७ साली प्रसिद्ध झाला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. सगळी जमीन सारखी नसते. एक सुपीक असते, दुसरी नापीक. एक बाजाराजवळ असते, दुसरी दूर. लोकसंख्या वाढते तशी हलकी जमीनही लागवडीखाली आणावी लागते. अगदी शेवटच्या, जेमतेम खर्च भरून काढणाऱ्या जमिनीला खंड मिळत नाही. तिच्यापेक्षा चांगल्या जमिनीतून जे अधिक पिकते, तोच तिचा खंड.

या सिद्धांताप्रमाणे पाहिले तर स्वस्त जमीन म्हणजे हलकी किंवा आडबाजूची जमीन. आम्हाला याची तक्रार नव्हती. आमचा मुलूखच मुरमाड. खाली काळा कातळ, वर वीतभर माती. बाजरी, मटकी, हुलगा येईल एवढे रान मिळाले तरी आबा समाधानी होते.

पण एजंटाने पहिल्याच दिवशी एक वाक्य असे ऐकवले की ते रिकार्डोत सापडत नाही. तो म्हणाला, "पावनं, रान दोन जातीचं असतं. एक कागदाचं आन् एक बिनकागदाचं. बिनकागदाचं स्वस्त पडतंय." त्या वेळी आम्ही हसलो. सुट्टी संपेपर्यंत मला कळून चुकले की त्याने आम्हाला एका वाक्यात अख्खा धडा सांगितला होता. आमच्या भागात जमिनीचा भाव तिच्या कसावर आणि रस्त्यावर जेवढा ठरतो, तेवढाच तिच्या कागदावर ठरतो.

कागदाचे हे महत्त्व जुनेच आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हा त्यांचा रोख मुख्यतः सावकारांच्या घरातल्या कर्जरोख्यांवर होता. ते कागद त्यांनी हिसकावले आणि जाळले. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांनाही आपली जमीन कुठे अडकली आहे हे ठाऊक होते.

आधी हिशेब, मग हौस

जमीन पाहायला जाण्यापूर्वी मोजमाप पक्के पाहिजे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. बोलणे सारे एकर-गुंठ्यांत चालते. सातबारा मात्र हेक्टर-आरमध्ये असतो. १०० चौरस मीटर म्हणजे एक आर आणि १०० आर म्हणजे एक हेक्टर, म्हणजे सुमारे अडीच एकर. आर हा गुंठ्यापेक्षा किंचित लहान असतो.

सातबारा म्हणजे दोन नमुने एकत्र. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक; त्यात जमीन कोणाची, किती, कोणत्या हक्काची हे असते. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. त्यात कोणत्या हंगामात काय पिकले, पड किती, पाण्याचे साधन कोणते हे असते. गाव नमुना आठ-अ मध्ये एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एकत्र दिसते. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार. सातबारा आज काय आहे ते सांगतो, फेरफार ते तसे का झाले ते सांगतो. माझ्या मते वाचायची खरी वही ती.

एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. त्यातील नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानायची, एवढाच तिचा मान आहे. मालकी खरेदीखत, वाटप, वारसा अशा गोष्टींनी येते, आणि नोंद मागाहून होते.

सातबारावर तीन जागा बोट ठेवून वाचाव्यात. पहिली, भूधारणा पद्धती. तिथे भोगवटादार वर्ग १ असेल तर मालकाला जमीन विकण्याची साधारणपणे मोकळीक असते. वर्ग २ असेल तर शासनाच्या शर्ती असतात. दुसरी, पोटखराबा, म्हणजे जे क्षेत्र आहे, पण लागवडीस योग्य नाही. तिसरी, इतर अधिकार. हा रकाना लहान अक्षरांत असतो आणि तोच मोठा घात करतो. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा, न्यायालयातला दावा, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी हस्तांतरणास बंदी, हे सारे तिथे असते. नावापुढे 'अ.पा.क.' असेल तर अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मालक अल्पवयीन असताना ती नोंद झाली. 'ए.कु.मॅ.' असेल तर एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे नाव एकाचे असले तरी जमीन एकट्याची असेलच असे नाही.

आता आम्ही पाहिलेल्या चार जमिनी सांगते. गावांची आणि माणसांची नावे मुद्दाम टाळली आहेत.

पहिली जमीन : रस्त्याकडेचे पाच गुंठे

डांबरी रस्त्यालगत चुन्याने आखलेले तुकडे होते. प्रत्येक पाच गुंठ्यांचा. दर परवडणारा. एजंट म्हणाला, नोटरी करून देतो, सातबाराला नाव पुढे लागेल.

१९४७ सालचा तुकडेबंदी कायदा नेमका याच्या आड येतो. शेत एवढे लहान होऊ नये की त्याची मशागतच परवडू नये, हा त्या कायद्याचा हेतू. शासनाने २०२३ साली राज्यात जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र ठरवले. शहरालगतच्या आणि निवासी क्षेत्रातल्या जमिनींसाठी पुढे सवलती आल्या, पण आमचे हे रान तसल्या क्षेत्रात नव्हते. आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची खरेदी १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दुय्यम निबंधकांपुढे नोंदवावीच लागते. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सुरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केले आहे. आबांना एवढे सांगितले आणि आम्ही पुढे निघालो. हा निर्णय सोपा होता.

दुसरी जमीन : कुळाची

दीड एकर, माती बरी, भाव आमच्या आवाक्यात. सातबारावर वर्ग २. मालकाच्या आजोबांना ती जमीन कुळ म्हणून मिळाली होती. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे जी दुरुस्ती झाली, तिने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारी कुळे मालक मानली गेली. महाराष्ट्राच्या इतिहासातली ही मोठी घटना. आमच्या आळीतल्या कित्येकांच्या चुली तिच्यामुळे पेटत्या राहिल्या. मिळालेली जमीन पुन्हा धनवंतांच्या हाती जाऊ नये म्हणून कलम ४३ ने विक्रीवर बंधन घातले.

२०१४ च्या दुरुस्तीनंतर हे बंधन सैल झाले. कुळाला खरेदीचे प्रमाणपत्र मिळून दहा वर्षे झाली असतील, तर जमिनीच्या आकाराच्या चाळीस पट रक्कम भरली की पूर्वपरवानगीची गरज राहत नाही. त्या सातबारावर आकार होता २ रुपये १५ पैसे. चाळीस पट म्हणजे ८६ रुपये. शहाऐंशी रुपयांसाठी व्यवहार अडलेला! पण भाऊबंदांत ते प्रमाणपत्र कोणाकडे आहे याचा पत्ता नव्हता, आणि शोधायला कोणी कचेरीत जायला तयार नव्हते. "तुमी आधी इसार द्या, मग बगू," असे उत्तर मिळाले. इसार दिला असता तर कागद शोधण्याची गरज आमची झाली असती. आम्ही दिला नाही.

तिसरी जमीन : वाट नसलेली

डोंगराच्या पायथ्याला अडीच एकर. भाव सगळ्यांत कमी. माती हलकी, पण मोकळी. आबा तिथे बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मी गटाचा नकाशा काढून पाहिला. चारी बाजूंनी दुसऱ्यांचे गट. बैलगाडी जाईल अशी वाट कुठेही दाखवलेली नव्हती. मालक शेजाऱ्याच्या बांधावरून जात असे, आणि शेजाऱ्याशी त्याचे दोन वर्षे बोलणे बंद होते.

शेतात जायला वाट नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो. असलेली वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते. पण अर्ज, स्थळपाहणी, अपील यांत हंगाम निघून जातात. शिवाय शेजाऱ्याशी भांडणाने सुरुवात करून नव्या गावात शेती कशी करायची?

पाण्याचेही तसेच. मालक म्हणे, तीनशे फूट बोअर मारा, पाणी लागेल. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरहून खोल विहिरीला, म्हणजे सुमारे दोनशे फुटांखाली जायला, मनाई आहे. शेजारच्या विहिरीत म्हणे तीन आण्यांचा हिस्सा होता. सोळा आण्यांत तीन आणे, म्हणजे आठ दिवसांच्या पाळीत दीड दिवस. तोही सातबारावर कोठे नव्हता, फक्त तोंडी.

इथे रिकार्डो खरा ठरला. दूरची आणि हलकी म्हणूनच ती स्वस्त होती.

चौथी जमीन : बहिणीची

चौथ्या जमिनीबद्दल लिहावे की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण ती वगळली तर हा लेख नुसती माहितीपत्रिका होईल.

आमच्या गावापासून चार किलोमीटरवर ते रान होते. क्षेत्र ८१ आर, म्हणजे दोन एकर. वर्ग १. बोजा नाही. गाडीवाट आहे. किंमत आठ लाख. आबांनी मनातल्या मनात ते घेऊनच टाकले होते. विहीर कुठे पाडायची, गोठा कुठे बांधायचा हेही आईला सांगून झाले होते.

मी सातबारा वाचला. पोटखराबा १७ आर. म्हणजे लागवडीला ६४ आर, साधारण एक एकर तेवीस गुंठे. आठ लाखांना तेवढ्याने भागले तर एकरी भाव चार लाख न राहता पाच लाखांच्या वर जातो. आबा म्हणाले, "असू दे, वढ्याकाठचं बाभळीचं सरपण तरी मिळंल." मलाही ते पटले.

मग मी फेरफार काढला. आता तो मोबाईलवरही पाहता येतो; जुने मात्र कचेरीतून घ्यावे लागतात. मालकांचे वडील २००९ साली वारले. वारस नोंदीत दोन मुलगे आणि एक विवाहित मुलगी अशी तीन नावे होती. त्यानंतरच्या फेरफारात तिसरे नाव कमी झालेले. कारण एकाच ओळीत दिलेले होते : बहिणीने जबाब देऊन हक्क सोडला. दस्त क्रमांक नाही, नोंदणीची तारीख नाही.

हक्कसोड हा गुन्हा नाही. बहीण स्वखुशीने हक्क सोडू शकते. पण स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर त्याचा दस्त नोंदलेला हवा. साध्या जबाबावर सातबारातले नाव जाते, हक्क जात नाही. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीची झाली. हा हक्क तिला जन्मानेच असतो, वडील त्या तारखेला हयात असोत वा नसोत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात दिला. सरळ हिशेबाने त्या बहिणीचा वाटा एकतृतीयांश. आठ लाखांतले पावणेतीन लाख तिचे.

मी आबांना म्हटले, आपण तिला विचारून येऊ. आबांना ते रुचले नाही. "तिच्या भावांनी बगावं ते. आपल्याला काय करायचंय?" तरी ते आले. आठ मैलांवरच्या वाडीत ती राहत होती. पन्नाशीची बाई, हात शेणाने भरलेले. आबांनी येण्याचे कारण सांगितले. तिने आधी चहा दिला, मग म्हणाली, "दादा, बाप गेल्यावर तेराव्याला अंगठा घेतला माझा. कशाचा ते मी इचारलं न्हाई. माहेर तुटाय नको म्हणून. आता चार वर्सं झाली, भाऊबीजेलाबी कुणी न्हेलं न्हाई. तुमीच पयलं इचाराय आला." थोड्या वेळाने तिने सांगितले, तिचा वाटा तिच्या खात्यात चेकने द्यावा, ती खरेदीखतावर सही करील.

भावांना हे मान्य झाले नाही. आमच्यावरच राग आला. व्यवहार मोडला. पंधरा दिवसांत ती जमीन दुसऱ्याने घेतली. आज तिथे त्याची बाजरी उभी आहे. त्याच्यावर कोणी दावा केलेला नाही, कदाचित कधी करणारही नाही. हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण वाचलेला कागद दरवेळी आपल्या बाजूने उभा राहतो असे नाही.

आबा आठ दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "तू शिकलीस म्हणून रान गेलं." हे वाक्य मला फार लागले.

आमचाच फेरफार

त्या आठ दिवसांत मी आमच्या घरचा फेरफार काढला. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. आबांच्या नावावर चुलत्यांबरोबरच्या सामाईक खात्यात अकरा गुंठे आहेत, म्हणून ते कायद्याने शेतकरी. सत्तावीस वर्षे पोती वाहिलेल्या माणसाला पुन्हा रानात जायची परवानगी त्या अकरा गुंठ्यांनी दिली आहे.

आजोबा १९९१ साली वारले. फेरफारात आबा आणि दोन चुलते यांची नावे लागली. खाली तीच ओळ होती : दोन मुलींनी जबाब देऊन हक्क सोडला. माझ्या दोन्ही आत्या. त्या काळच्या कायद्याने त्यांचा वाटा भावांइतका नसेल, पण होता.

मी तो कागद आबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आक्काला आन् तायडीला कुणी इचारलं नव्हतं, खरंय. कचेरीतनं आलेल्या माणसानं अंगठे घेतले, आमी बगत हुतो." त्यापुढे त्यांनी काही म्हटले नाही, मीही नाही. दिवाळीला आत्या येतील तेव्हा हा विषय काढायचा, असे मी ठरवले आहे. धाडस होईल की नाही, ठाऊक नाही.

या अनुभवावरून रिकार्डोच्या सिद्धांताला एक तळटीप जोडावीशी वाटते. जमीन स्वस्त असण्याची कारणे कधी मातीत असतात, कधी अंतरात, आणि कधी ज्याचा हिस्सा हिशेबातच धरलेला नाही अशा एखाद्या माणसात. पहिल्या दोन कारणांनी मिळणारी स्वस्ताई गरिबाने खुशाल घ्यावी. तिसरीची किंमत कोणीतरी दुसरे भरत असते, बहुधा आपल्याहूनही गरीब.

सुट्टीतला अभ्यास

वाचकांना उपयोग व्हावा म्हणून आबांसाठी मी जी यादी केली, ती येथे देते.

१. सातबारा आणि आठ-अ ताजे काढावेत. मालकाने दाखवलेल्या जुन्या झेरॉक्सवर विसंबू नये.

२. जेवढे मिळतील तेवढे जुने फेरफार क्रमाने वाचावेत. कोणाचे नाव कधी आणि कोणत्या दस्ताने कमी झाले, हे पाहावे.

३. वर्ग २ असेल तर कोणत्या कायद्याने, हे विचारावे. कुळाची, वतनाची, सिलिंगची, आदिवासींची जमीन, प्रत्येकीचे नियम निराळे आहेत. आदिवासींची जमीन बिगरआदिवासीने घेण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६-अ ची कडक बंधने आहेत, आणि ती असलीच पाहिजेत.

४. गटाचा नकाशा घेऊन वाट शोधावी. मग पायी चालून तीच वाट खरोखर आहे का, ते पाहावे.

५. पोटखराबा वजा करून भाव काढावा.

६. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दी कायम कराव्यात. बांध सरकतो, नकाशा सरकत नाही.

७. दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा शोध वकिलाकडून घ्यावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी.

८. रान नांगरणाऱ्याला आणि शेजाऱ्याला विचारावे. शक्य असेल तर बहिणींनाही.

९. हे सगळे झाल्यावरच इसार द्यावा, आणि तोही लेखी.

आठवा मुद्दा कोणत्याही पुस्तकात मला सापडला नाही. तो आमचा आहे.

आम्ही अजून जमीन घेतलेली नाही. नऊ लाख बँकेत आहेत आणि भाव वाढत आहेत. उरमोडीचे आणि जिहे-कठापूरचे पाणी आमच्या तालुक्यात जिथे पोहोचते आहे, तिथली जमीन आमच्या हाताबाहेर गेली आहे. उशीर केल्याचे नुकसान होते, हे मला दिसते आहे.

मागच्या रविवारी वसतिगृहावर आबांचा फोन आला. पूर्वेकडच्या एका गावात तीस गुंठे पाहिले म्हणाले. मी विचारले, फेरफार? ते म्हणाले, काढलाय, आईला वाचून दाखवत होतो, एक ओळ लागेना. मग एकेक अक्षर जुळवीत त्यांनी मला ती ओळ फोनवर वाचून दाखवली. चौथीनंतर आबांना एवढे सलग वाचताना मी प्रथमच ऐकले. शेवटी म्हणाले, "तुझी यादी खिशात असती, पर अक्षर लई बारीक हाय. पुढच्या बारीला मोठ्या अक्षरात लिव्हून आण."

मित्रहो, या सुट्टीत घरी गेलात की आपल्या घरचा फेरफार एकदा वाचा. घरातल्या मोठ्यांना तो वाचून दाखवा. आणि कमी झालेले एखादे नाव दिसले, तर ते कोणाचे होते, एवढे विचारा.

— द्वितीय वर्ष कला